‘तुळसाई’कडे नेणारा दुवा

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे. तुम्ही मला लिंक म्हणता. निळ्या अक्षरांची आणि खाली रेघ ओढलेली एक ओळ. तिच्यावर बोट टेकवले की मी तुम्हाला एका पानापाशी नेऊन सोडतो. माझे आठवे वर्ष सरत आले आहे. माणसात हे वय खेळण्याचे. आमच्या जातीत ते वार्धक्य समजले जाते. माझ्या बरोबरीचे पुष्कळ दुवे आज कुठेच नेत नाहीत. वाट तशीच राहावी आणि तिच्या टोकाचे गाव उठून जावे, तशी त्यांची गत झाली आहे. मी मात्र अजून नेतो. मालवणहून तारकर्लीकडे जाताना सुरूच्या बनाला लागून एक चिऱ्याचे घर आहे. त्याचे नाव ‘तुळसाई’. समुद्राकडे तोंड केलेल्या चार खोल्या, एक पडवी आणि मागे चुलीचा धूर. मी त्या घराचा दुवा आहे.

दुवा या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सांधा आणि दुसरा आशीर्वाद. मी जोडलेही आणि कधी आशीर्वादही पोहोचवले. पण एक वर्ष असे आले की माझ्यामुळे एका जिवंत बाईच्या दारात शोक येऊन बसला. तीच कथा मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म मार्च २००३ मधला. मालवणच्या एस.टी. स्टँडजवळ एका जिन्यावर भाईंचे इंटरनेटचे दुकान होते. भाई मूळचे छापखान्यातले. वीस वर्षे त्यांनी लग्नपत्रिका आणि उत्तरकार्याची कार्डे जुळवली होती. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी दोन संगणक घेतले आणि पाटी बदलली. बोटे मात्र तीच राहिली.

एका सकाळी तुळसाबाई कोयंडे रिक्षातून उतरल्या. जुन्या पातळात गुंडाळलेली एक तसबीर त्यांनी छातीशी धरली होती. ती त्यांच्या यजमानांची, परशुराम कोयंडे यांची होती. परशुराम मच्छीमार. होडी विकून त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, घराला बायकोचे नाव दिले, दारे रंगवली, आणि पहिला पाहुणा येण्याआधीच दोन दिवसांच्या तापात गेले. खोल्या पुढे तुळसाबाईंनी उघडल्या.

“भाई, ह्यांका आधी घेवा,” त्या म्हणाल्या. “मगे खोलये, मगे माशे.”

भाईंनी तसबीर उजेडात धरली. “वैनी, हार वायच बाजूक करूया? काच चमकता आणि तोंड दिसना नाय.”

“करू नकात. सकाळीच सुरंगीचो वळेसर घातलंय. तसेच ऱ्हवांदेत.”

“बरा. पण हे सगळ्यात वर कित्याक? लोक खोलये बघूक येतले.”

तुळसाबाईंनी हार सरळ केला. “तेंनी चार खोलये बांदल्यानी आणि एक पावणो बघूक नाय. आता येणारो पावणो आधी तेंका भेटतलो, मगे माका.”

भाईंनी तसबीर हारासकट स्कॅनरच्या काचेवर पालथी ठेवली. पानाच्या माथ्यावर ती छबी बसली. तिच्याखाली भाईंची बोटे आपोआप चालली, जशी ती वीस वर्षे चालत आली होती: ‘ज्यांच्या पुण्याईने हे घर उभे राहिले, त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.’ त्याखाली खोल्या, माशांचे जेवण, येण्याची वाट आणि दूरध्वनीचा क्रमांक. सगळ्यात वर, ब्राउझरच्या पट्टीवर, पानाचे नाव: तुळसाई, मालवण.

आमच्या भागात हीच रीत आहे. दुकानात शिरा, लॉजमध्ये शिरा, आधी भिंतीवरचा मूळ पुरुष तुमच्याकडे पाहतो. मग मालक पाहतो. त्या दिवशी कोणालाच काही वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही.

पहिली वर्षे बरी गेली. तुळसाबाईंच्या कार्डावर माझे नाव छापलेले असे. पुण्यात नोकरीला लागलेली त्यांची मुलगी संचिता आपल्या प्रत्येक ई-पत्राच्या सहीखाली मला ठेवी. त्यामुळे ती कोणाला काय लिहिते आणि तिला काय उत्तर येते, ते सारे माझ्या डोळ्यांखालून जाई. पुढचे पुष्कळसे मला त्या पत्रांतूनच कळले आहे.

तेव्हा मला चेहरा नव्हता. पत्रात असो वा ऑर्कुटवर, मी निळी ओळ होतो आणि ओळच राहत होतो. ज्याला कुतूहल वाटे तो दाबे. जो दाबे तो आत येई. आत आला की आधी हारातले परशुराम दिसत, आणि जरा खाली सरकले की खोल्या, तळलेली सुरमई, अंगणात वाळणारी सोले. पाहणाऱ्याला क्षणात उमगे: हे घर चालते आहे, आणि घरचे लोक आपल्या माणसाला विसरलेले नाहीत. माझी मराठी अक्षरे भाईंच्या छापखान्यातल्या फॉन्टची होती. तो फॉन्ट ज्याच्या संगणकात नसे, त्याला मी तापात बरळणाऱ्यासारखा दिसे. २००७ मध्ये संचिताने बसून माझा शब्द न् शब्द युनिकोडमध्ये पुन्हा लिहिला. त्या दिवशी माझी वाचा फुटली असे मी मानतो.

लोक येत. कोल्हापूरच्या निवृत्त शिक्षिका सुशीलाबाई दर जानेवारीत, संक्रांत झाली की येत. येताना गुळाची ढेप आणत आणि दहा दिवस पडवीत वाचत बसत. जाताना माझ्या पानावरच्या अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहीत. त्यांचे व्याकरण इतके स्वच्छ असे की त्या ओळींशेजारी मला माझ्याच वाक्यांची लाज वाटे.

मग मला चेहरा मिळाला.

२००९ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, संचिताने मला फेसबुकवर लावले. ‘आमच्या घरी या’ असे काही लिहायचे तिच्या मनात असावे, पण कार्यालयातली घाई. तिने नुसते मलाच चिकटवले. तिथली रीत निराळी होती. तिथे दुवा नुसती ओळ राहत नसे. त्याच्या पानावरचे एक चित्र, पानाचे नाव आणि पहिले वाक्य उचलून त्याची एक छोटी चौकट केली जाई. दुसरे चित्र निवडायला शेजारी एक बाण होता. तो कोणीही दाबला नाही. पहिले चित्र उचलले गेले.

मित्रांनो, ती चौकट डोळ्यांपुढे आणा. नखाएवढे चित्र. त्यात काचेवरच्या चमकेने चेहरा पुसलेला आणि हार मात्र ठळक. शेजारी ठसठशीत नाव: तुळसाई, मालवण. त्याखाली एकच वाक्य: ‘ज्यांच्या पुण्याईने हे घर उभे राहिले, त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.’

मराठी मोठी सुसंस्कृत भाषा आहे. आदर दिला की ती ‘त्याच्या’ आणि ‘तिच्या’ यांतला भेद पुसून टाकते. उरतो एकटा ‘त्यांच्या’. त्या ‘त्यांच्या’मध्ये परशुराम होते. पण वाचणाऱ्याने वरचे नाव वाचले, हार पाहिला आणि तिथे तुळसाबाईंना ठेवले.

तासाभरात शब्द येऊ लागले. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. कोणी नुसते हात जोडले. काहींनी ती चौकट फेसबुकवरच्या आपापल्या भिंतीवरही लावली. संचिताला वाटले, इतक्या वर्षांनी लोकांना आपले बाबा आठवले. तिचे मन भरून आले. तिने एकेकाला उत्तर दिले: ‘धन्यवाद. त्यांचाच आशीर्वाद आमच्या पाठीशी आहे.’ पुन्हा तोच ‘त्यांचा’.

संध्याकाळी तिने घरी फोन केला, आणि मग एका मैत्रिणीला ते संभाषण जसेच्या तसे लिहून कळवले.

“आये, त्रेचाळीस जणांनी बाबांका नमस्कार केल्यानी गो!”

“काय सांगतंस! वळख नाय पाळख नाय, आणि नमस्कार?”

“वळखीची पण आसत. सुशीलाताईंची भाची रिया, तिणापण हात जोडल्यान.”

“बरी माणसा आसत ती,” तुळसाबाई म्हणाल्या. “माका वाटला होता, आता तेंका कोण याद करता.”

मायलेकी त्या दिवशी सुखी होत्या. ते सुख आठवले की मला आजही बोलवत नाही.

दिवाळी आली. एरवी दिवाळीच्या दुसऱ्या दिवसापासून चारही खोल्यांना माणसे असत. या वेळी फोन वाजला नाही. नाताळ आला. बाकीच्या वाडीत मोटारी उभ्या राहिल्या, अंगणात दिवे लटकले. ‘तुळसाई’पुढची वाळू जशी वाऱ्याने विंचरली होती तशीच राहिली. संक्रांत झाली आणि सुशीलाबाई आल्या नाहीत. आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईहून येणारे दोन कुटुंबांचे पाहुणे दरवर्षी परतीच्या वाटेवर एक दिवस इथे थांबत. तेही सरळ निघून गेले. नव्या लोकांनी मला पाहिले आणि मृत्यूची वार्ता समजून पुढे सरकले. जुन्यांनी मला पाहिले आणि सुतकातल्या घराला त्रास नको म्हणून गप्प राहिले. वाईट कोणीच वागले नाही. त्या एका वर्षात सगळे माझ्याशी सभ्यतेनेच वागले, आणि आत मात्र एकही आला नाही.

तुम्ही विचाराल, तुळसाबाईंनी स्वतः फोन का केला नाही? त्यांच्या लेखी पाहुणा वाट पाहण्याचा असतो. पैसे देऊन राहणाऱ्याला आपण होऊन ‘या’ म्हणणे त्यांना पदर पसरण्यासारखे वाटे. त्या रोज सकाळी चारही खोल्यांची दारे उघडत, चादरी झटकत, तांब्यात ताजे पाणी भरून ठेवत आणि संध्याकाळी ते पाणी अबोलीच्या वाफ्यात ओतत.

मासेवाली शेवंती रोज दारावरून जाई. तिच्या तोंडाला फाटक नव्हते. एकदा तिने पाटी उतरवली आणि विचारले, “तुळसे, सुरमई देव? ताजी फडफडीत आसा.”

“दोन बांगडे दी.”

“दोन? आणि टोप ह्यो एवढो? तेंका काय पोवाक सोडतलंस?”

तुळसाबाई हसल्या. मग म्हणाल्या, “एकटीच तर आसंय.” शेवंतीने दोनाच्या जागी तीन बांगडे टाकले आणि पाटी उचलली.

हा प्रसंग तुळसाबाईंनी मुलीला विनोद म्हणून सांगितला होता. संचिता त्यावर हसली नाही. जूनमध्ये तिने आईला निक्षून सांगितले, की आता पुरे झाले. खोल्यांना कुलूप लावायचे आणि पुण्याला यायचे. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. तिथून समुद्र दिसणार नव्हता, आणि परशुरामांनी हातांनी रंगवलेली दारेही नव्हती. तुळसाबाईंनी एवढीच मुदत मागितली: “दसऱ्यापर्यंत बघूया. एक जरी पावणो इलो तर ऱ्हवतंय. नाय इलो तर तू म्हणतंस तसा.”

पावसाळाभर मी त्या एका पाहुण्याची वाट पाहिली. मला हाक मारता येत नाही. मी फक्त दाबला जाण्याची वाट पाहू शकतो. कोणाच्या तरी पडद्यावर मी पुन्हा उमटे, आणि माझा तो हार घातलेला चेहरा पाहून बोट हळूच बाजूला होई. आरसा नसलेल्याला आपला चेहरा कळत नाही. लोक का वळतात एवढेच कळत राहते.

दसरा गेला.

संचिता पुण्याहून आली. मायलेकींनी गाद्या गुंडाळून सुतळीने बांधल्या, तांबे-पेले गोणीत भरले. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उशा वाळत घातलेल्या असताना फाटकाशी रिक्षा थांबली. सुशीलाबाई उतरल्या. हातात गूळ नव्हता. समाचाराला जाताना हातात काही नेत नाहीत.

त्यांनी फाटकाला हात लावला आणि तो तिथेच राहिला. तुळसाबाई अंगणात उशी झोडत होत्या.

“सुशीलाताय! आज वाट चुकलात काय?”

“तुळसाबाई... तुम्ही आहात?”

“आसंय म्हणजे? मी खंय जातलंय?”

“अहो, नाही... आम्हाला रियाने फेसबुकवर दाखवलं होतं. हार घातलेला. तुमचं नाव. संचिताने सगळ्यांना धन्यवादसुद्धा दिलेले. मी पत्र लिहायला घेतलं, पण कोणाच्या नावाने धाडायचं तेच कळेना. म्हटलं, वर्ष होऊ दे, वर्षश्राद्धाला तरी जाऊन यावं. तुळसाबाई, मी तुमच्या समाचाराला आले आहे हो.”

तुळसाबाईंच्या हातातली उशी तशीच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली, पदराने पडवीतली खुर्ची पुसली.

“मगे बसा,” त्या म्हणाल्या. “समाचार घेवनच जावा. मेलल्या बायलेच्या हातची च्या पितल्यात मां?”

सुशीलाबाई हसायला गेल्या आणि रडू लागल्या.

दुपारी तिघी भाईंच्या दुकानाचा जिना चढल्या. भाईंनी मला उघडले. आधी संचिताच्या भिंतीवरची ती चौकट आणि मग मी. भाई एकदा तिकडे पाहत, एकदा इकडे पाहत. त्यांना आधी हसू आले. मग त्यांनी तोंडावर हात धरला.

“वैनी, एक वरस झाला, तुमका मीच मारून ठेवलंय.”

“तरीच माका जेवाण जाय नाय,” तुळसाबाई म्हणाल्या.

पण संचिताला ते सहन झाले नाही. आपल्याच आईच्या मरणाखाली आपण त्रेचाळीस वेळा धन्यवाद लिहिले, हे तिला आता दिसत होते. “आधी तो फोटो काढा, भाई,” ती म्हणाली. “खाली, सगळ्यात शेवटी टाका. नाय तर टाकूच नका.”

“काढूचो नाय,” तुळसाबाई म्हणाल्या.

“आये, त्याच फोटोन ह्या सगळा झाला.”

“फोटोन काय केल्यान? तो आपल्या घरात बसलो होतो. लोकांनी भायरसून बघल्यानी आणि भायरसूनच गेले. घरधन्याक परसात बसवन पावण्याक पुढच्या दारान घेव? माका जमाचा नाय. त्यापेक्षा कुलूप लाव.”

वाद माझ्या माथ्यावरून चालला होता आणि मला दोघींचेही पटत होते. फोटो राहिला तर घर बंद. फोटो गेला तर ज्याच्यासाठी घर उघडायचे तोच बाहेर.

वाट भाईंनी काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकने एक नवी सोय जाहीर केली होती. भाईंनी ती कुठेतरी वाचून ठेवली होती. प्रत्येक पानाला, मित्रांनो, एक डोके असते. तिथे लिहिलेले वाचणाऱ्याला दिसत नाही. दुवा उचलून नेणाऱ्या यंत्राला मात्र दिसते. त्या डोक्यात आपण तीन गोष्टी सांगून ठेवू शकतो: बाहेर माझे नाव काय लावायचे, कोणते चित्र दाखवायचे आणि कोणते वाक्य बोलायचे. पानावरचा कानामात्राही हलवावा लागत नाही.

“म्हणजे बघा,” भाईंनी तुळसाबाईंना समजावले, “परशुराम घरात जंय आसत थंयच ऱ्हवतले. फाटकार कोण उभो ऱ्हवतलो, तेवढाच ठरवचा आसा.”

“मगे फाटकार समुद्र ऱ्हवांदे.”

“समुद्र सगळ्यांकडेच आसा, वैनी. तुमी खंय सगळ्यांकडे आसात?”

तुळसाबाईंनी हात झटकले. यजमान गेल्यापासून त्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या नव्हत्या. सुशीलाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही आहात हेच तर लोकांना सांगायचं आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरं कोण उभं राहणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीच्या पायरीवर संचिताने कॅमेरा धरला. तुळसाबाई उभ्या होत्या खांबासारख्या ताठ, ओठ घट्ट मिटून. शेवंती पाटी घेऊन फाटकात थबकली.

“हस गो वायच, तुळसे! नाय तर परत हार घालतले.”

आणि त्या हसल्या. पदर तोंडाशी जायच्या आत संचिताने कळ दाबली. माझा आजचा चेहरा तो आहे.

वाक्याची वेळ आली तेव्हा भाईंच्या बोटांनी पुन्हा ‘आपले सहर्ष स्वागत’ लिहायला घेतले. तुळसाबाईंनी त्यांना थांबवले आणि स्वतः सांगितले: ‘मी आसंय. जेवाण गरम आसा. येवा.’ पुढे फोनचा क्रमांक. भाई म्हणाले, शुद्ध मराठीत करूया का? सुशीलाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “छत्तीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या, भाई. यात एकही चूक नाही.”

नवा चेहरा लगेच दिसला नाही. तिथल्या यंत्राला माझी जुनी छबी पाठ झाली होती. ती विसरायला त्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी संचिताने मला पुन्हा लावले, मी पहिल्यांदा नव्या रूपात बाहेर पडलो, आणि त्या संध्याकाळी ‘तुळसाई’तला फोन वाजला. मग तो वाजतच राहिला. गाद्यांच्या सुतळ्या सोडल्या गेल्या. या दिवाळीत चारही खोल्यांत माणसे होती. नाताळासाठी आता जागा नाही. संचिता एकटीच पुण्याला परतली, आणि आईला सोडून जाताना तिला वाईटही वाटले आणि हलकेही.

पण खरे सांगायचे तर सगळे सावरले नाही. जे जुने चेहरे त्या वर्षात वाटले गेले, ते मला परत बोलावता येत नाहीत. कोणाच्या तरी भिंतीवर, खूप खाली, मी अजून हार घालून उभा आहे, आणि तिथे तुळसाबाई अजून नाहीत.

आणि आणखी एक गोष्ट आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

माझा नवा चेहरा फार चांगला झाला आहे. त्यात हसणारी बाई आहे, गरम जेवण आहे, फोनचा क्रमांक आहे. माणसे ते पाहतात आणि तिथूनच फोन लावतात. आत येण्याची गरज कोणाला उरलेली नाही. पूर्वी दिवसाला पाच-सात जण तरी मला उघडून शेवटपर्यंत वाचत. आता आठवडे जातात. पानाच्या माथ्यावर परशुराम बसलेले असतात, सुरंगीचा तो वळेसर तसाच ताजा, आणि समोर कोणी नसते. मी असतो, पण मी पाहुणा नव्हे.

तुळसाबाईंना हे ठाऊक नाही. नवा पाहुणा पडवीत टेकला की त्या पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि विचारतात, “आमच्या ह्यांका भेटलात मां? पानार, वरच्या फोटोत?” पाहुणा प्रवासाने शिणलेला असतो. त्याला प्रश्न नीट कळत नाही, पण समोरची बाई इतक्या आशेने पाहत असते की तो मान हलवतो. “हो, हो. भेटलो.” तुळसाबाईंचा चेहरा उजळतो, आणि त्या आत जेवण वाढायला जातात. संचिता हे मोठ्या आनंदाने पत्रांतून लिहिते. त्या पत्राच्या तळाशी मी असतो, आणि मला ते वाचावे लागते.

मित्रांनो, एखादा दुवा कोणाला पाठवाल तेव्हा त्याचा चेहरा आधी आपण पाहून घ्या. तो कोणाबद्दल काय सांगतो आहे, ते परक्याच्या डोळ्यांनी एकदा वाचा. तुमच्या घराचे पान असेल तर त्याच्या डोक्यात त्या तीन ओळी नीट लिहून ठेवा. न सांगितलेले यंत्र आपल्या मनाने सांगते. एवढे तुम्ही कराल, याची मला खात्री आहे.

दुसरी विनंती करताना मात्र मला संकोच वाटतो. कधी माझ्यासारखा दुवा तुमच्यापुढे आला, चेहरा आवडला, हवे ते बाहेरच मिळाले, तरीही एकदा दाबा. फार वेळ लागणार नाही. तुम्ही मालवणला या किंवा येऊ नका, आत या. एका माणसाने चार खोल्या बांधल्या आणि त्याला अजून पाहुणा भेटायचा आहे. त्याच्या बायकोला लोक ‘भेटलो’ म्हणून सांगतात. निदान तुमच्यापैकी एकाने तरी ते खरे करावे.